पडद्यावरचे आभाळ

छायाचित्रे काढण्याचा मला नाद आहे. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर आषाढात आभाळ असे भरून येते, की त्याच्यापुढे माणूस उभा केला तर चेहरा काळा पडतो. चेहऱ्यासाठी प्रकाश वाढवावा, तर ढगच पांढरे होऊन पुसले जातात. या पेचात मला घाटावरचा एक माणूस आठवतो. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर.

मूळ आडनाव मेस्त्री, जन्म ३ जून १८९०. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवीत. पडद्यावरचे आभाळ मोठे आज्ञाधारक; हवे तिथे ढग काढावा. पुढे फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पाहून दोघांना चित्रपटाचे वेड लागले. परदेशी कॅमेरा परवडेना, म्हणून आपणच बनवायचा हा हट्ट! १९१६ साली आनंदराव गेले. विष्णुपंत दामल्यांच्या साथीने बाबूरावांनी तो कॅमेरा १९१८ मध्ये पुरा केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ (१९२०) काढला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, हे धाडस वेगळेच.

मला विशेष वाटते ते पुढचेच. जन्म पडदे रंगविण्यात घालविलेल्या या माणसाने चित्रपटातून रंगविलेले पडदेच काढून टाकले आणि खऱ्यासारखे भरीव देखावे उभारले. त्या काळची फिल्म निळ्या रंगाला अति हळवी. निळे आकाश पांढरेफटक येई, तांबडे ते काळे. कोणता रंग करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल, हे चित्रकाराच्या डोळ्याला लवकर उमगत असणार, असे मला वाटते. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) त्यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला.

पण खरा कस लागला तो ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५). सावकार जमीन गिळतो आणि तरुण शेतकरी शहरात मजुरीला जातो. ती भूमिका व्ही. शांताराम यांची. त्यातली मंद उजेडातली झोपडी आणि ओरडणारे कुत्रे जाणकारांच्या लक्षात राहिले. उजेडासाठी एवढी खटपट केलेल्या माणसाने तिथे काळोख तसाच राहू दिला! आपण मात्र चेहरा उजळावा म्हणून धडपडतो आणि मागचे आभाळ शोभेला ठेवतो. आता मी दांडीच्या किनाऱ्यावर एखाद्या रापणकऱ्याचा फोटो घेतो, तेव्हा ढगांचे माप आधी धरतो; चेहरा अर्धा सावलीत गेला तर जाऊ देतो.

हाच चित्रपट बाबूरावांनी १९३६ साली पुन्हा बोलका करून काढला. १६ जानेवारी १९५४ रोजी ते वारले. मूळ मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही.