राजर्षींचे बालपण आणि एक विश्वासू गुरू

राजर्षी शाहू महाराजांचे कार्य आपणा सर्वांस परिचित आहे. त्यांना घडविणाऱ्या हातांचे स्मरण मात्र आपण क्वचितच करतो.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षी मातृछत्र हरपले. मार्च १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि दोनच वर्षांत पितृछत्रही गेले. या पोरक्या बालकास कोणाच्या हाती सोपवावे, हा प्रश्न कोल्हापूरकरांच्या जिव्हारीचा होता. कारण त्यांचे पूर्वाधिकारी चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या नाताळदिनी अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीस नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मृत्यू पावले होते.

राजकोट येथील शिक्षणानंतर शाहूंना धारवाडला स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर हे गुरू व पालक लाभले. भावनगरचे भावसिंहजी सहाध्यायी होते. जेमतेम पंचविशीतील फ्रेझर यांनी पुस्तकांबरोबर राज्यकारभार शिकविला, देशाटन घडविले. २ एप्रिल १८९४ रोजी शिष्य राज्यारूढ झाला. तरी उभयतांचा स्नेह टिकला.

महाराजांनी हे ऋण आगळ्या रीतीने फेडले. १९१८ साली धाकटे पुत्र शिवाजी शिकारीत दगावले. विधवा सून इंदुमती अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांना अंधारात न कोंडता महाराजांनी सोनतळी येथे त्यांच्या शिक्षणाची सोय केली.

पालकहो, आपली लेकरे आपण कोणाच्या स्वाधीन करतो, याचा विचार आम्हांस येथे अगत्याचा वाटतो.