शर्यत अर्ध्यावर सोडणारा चॅम्पियन

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी डॉग लव्हर असतोच. त्यानं तुम्हाला २०१९चा ‘टोगो’ हा सिनेमा बघायला लावला असेल. विलेम डॅफो, बर्फाचं वादळ, गोठलेला समुद्र आणि गावातल्या आजारी मुलांसाठी औषध आणणारी कुत्र्यांची गाडी. सिनेमा संपतो तेव्हा डोळ्यांसमोर असतो तो टोगो. त्या गाडीवर मागे उभा राहणारा माणूस, लिओनार्ड सेप्पाला, आपण जवळजवळ विसरून जातो.

आज त्याचीच गोष्ट वाचा. ट्रॉफ्या, मेडल्स सगळं आहे तिच्यात. पण त्याला घडवलं ते एका फसलेल्या शर्यतीनं आणि त्या शर्यतीत रक्ताळलेल्या कुत्र्यांच्या पंज्यांनी.

सेप्पालाचा जन्म १८७७चा, उत्तर नॉर्वेतला. वडील मासेमारी करायचे आणि लोहारकामही. पोरगाही लोहारकाम शिकला. उंची बेताची, अंगानं काटक. त्या काळात अलास्कात सोनं सापडल्याची बातमी जगभर पसरली होती. आज आपल्याकडची मुलं जशी बंगळुरूला किंवा जर्मनीला जातात, तशी तेव्हाची मुलं नोमला निघाली होती. नोम हे अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. सेप्पालाच्या ओळखीचा याफेट लिंडेबर्ग तिथे खाण कंपनी चालवत होता. त्याच्या बोलावण्यावरून १९०० साली सेप्पाला नोमला पोचला.

सोन्याचं स्वप्न बघत आलेला हा तरुण रमला मात्र कुत्र्यांमध्ये. हिवाळ्यात तिथे रस्ते नसायचे. माल, टपाल, माणसं, सगळं स्लेजवरून जायचं. स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी, चाकं नसलेली गाडी. ती कुत्रे ओढतात आणि हाकणाऱ्याला मशर म्हणतात. सेप्पाला कंपनीसाठी हे काम करू लागला आणि बघता बघता त्यात तरबेज झाला.

एक चुकलेली वाट

लिंडेबर्गनं सैबेरियन जातीची काही पिल्लं आणि कुत्र्या विकत घेतल्या होत्या. दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेला रोआल्ड अमुंडसेन आता उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर निघणार होता. त्याच्यासाठी ही टीम तयार करायचं काम सेप्पालाकडे आलं. पुढे ती मोहीम रद्द झाली आणि कुत्रे सेप्पालाकडेच राहिले.

नोममध्ये तेव्हा ‘ऑल अलास्का स्वीपस्टेक्स’ नावाची शर्यत व्हायची. नोम ते कँडल आणि परत, ४०८ मैल, म्हणजे जवळपास ६५७ किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्यावरून अंदाज घ्या. १९१४ साली सेप्पाला या शर्यतीत उतरला. टीम कोवळी होती आणि त्याला स्वतःला ती वाट नीट माहीत नव्हती. तरीही उतरला. आपणही उतरलो असतो, खरं की नाही?

वाटेत बर्फाच्या वादळानं गाठलं. समोरचं काही दिसेना. वाट चुकली आणि गाडी समुद्राकडे तुटलेल्या कड्याच्या दिशेनं निघाली. धोका लक्षात आला तेव्हा कडा अगदी जवळ होता. गोठलेल्या, निसरड्या उतारावरून त्या कुत्र्यांना मागे फिरून वर चढावं लागलं. त्या चढाईत त्यांच्या पंज्यांच्या गाद्या फाटल्या, नखं तुटली. काहींना हिमदंशही झाला.

जीव वाचले होते. पुढची वाटही सापडली असती. पण सेप्पालानं पंजे बघितले आणि शर्यत सोडली.

त्याला स्वतःची लाज वाटली. हरल्याचं दुःख होतंच, पण त्याला जास्त छळत होतं ते वेगळंच. कुत्र्यांना वाट माहीत नव्हती, कड्याची कल्पना नव्हती. मागून हुकूम आला म्हणून ती धावली. त्यांनी ज्याच्यावर विश्वास टाकला, तो माणूसच तयारीशिवाय आला होता.

पंजा म्हणजे नेमकं काय?

इथे जरा थांबू आणि कुत्र्याचा पंजा समजून घेऊ.

कुत्रा बर्फात अनवाणी फिरतो तरी त्याचा पाय गोठत कसा नाही? पंज्याच्या गादीत चरबी असते आणि ती सहजी गोठत नाही. शिवाय तिथल्या रक्तवाहिन्यांची रचना भारी आहे. पंज्याकडे जाणारं गरम रक्त आणि पंज्याकडून परत येणारं गार रक्त एकमेकांना खेटून वाहतं. गरम रक्त जाता जाता गार रक्ताला ऊब देतं, त्यामुळे अंगातली उष्णता वाया जात नाही आणि पाय गोठण्यापासून वाचतो.

पण गादी जाड असली तरी बोटांच्या मधली कातडी नाजूकच असते. खरा त्रास तिथे सुरू होतो. तापमान शून्याच्या आसपास असेल तर बर्फ ओलसर असतो. तो बोटांमधल्या केसांना चिकटतो आणि त्याच्या गोळ्या होतात. चपलेत खडा गेल्यावर तुम्ही किती पावलं चालू शकता? इथे चारही पायांत खडे. थंडी खूप वाढली की बर्फ कोरड्या वाळूसारखा होतो आणि पॉलिश पेपरसारखा कातडी घासत राहतो. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फावर कडक पापुद्रा धरतो. त्याच्या कडा काचेसारख्या कापतात. सगळ्यात वाईट म्हणजे बर्फावर साचलेलं पाणी. पंजा भिजतो आणि मग गोठतो.

यात आणखी एक अडचण आहे. धावायला उतावीळ झालेला कुत्रा दुखलं तरी थांबत नाही. तो सांगणार नाही, तुम्हालाच बघावं लागतं.

म्हणून मशर लोक कुत्र्यांना बूट घालतात. आपल्या बुटांसारखे नाहीत. पातळ कापडाची पिशवी, तिला सोल नाही, वर घोट्याशी बांधायला पट्टा. पूर्वी हे बूट कॅनव्हासचे, फ्लॅनेलचे किंवा कातड्याचे असत. आता टिकाऊ नायलॉनचे आणि वेल्क्रोचे आले आहेत. पट्टा सैल राहिला तर आत बर्फ भरतो किंवा बूट निघून पडतो. जास्त आवळला तर रक्तच पोचत नाही आणि ज्या हिमदंशापासून वाचवायचं तोच होतो. ओला बूट पायातच गोठला तरी तेच. म्हणून विश्रांतीच्या वेळी बूट काढायचे, पंजे कोरडे करायचे, बोटं फाकवून बघायची आणि मलम लावायचं. बारा कुत्र्यांची टीम म्हणजे अठ्ठेचाळीस पंजे. दर मुक्कामाला. बोटं बधिर करणाऱ्या थंडीत, कारण हे काम जाड हातमोजे घालून होत नाही.

सेप्पालानं पुढचं वर्ष टीमवर घालवलं. जखमा भरू दिल्या, सराव केला, वाट पाठ केली. आणि १९१५, १९१६, १९१७ अशी सलग तीन वर्षं तीच शर्यत जिंकली.

काय म्हणता, टोगो कुठे आहे?

टोगो जन्मला १९१३ साली. लहानपणी आजारी, अंगानं किरकोळ आणि स्वभावानं नुसता उच्छाद. सेप्पालानं त्याला घरात पाळायला म्हणून एकांना देऊन टाकलं. पठ्ठ्यानं खिडकीच्या काचेतून उडी मारली आणि कित्येक मैल धावत परत आला. शेवटी आठ महिन्यांचा असताना त्याला पट्ट्यात जुंपलं, तर पहिल्याच दिवशी ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटर धावला. पुढे तोच टीमचा म्होरक्या झाला.

मग आला जानेवारी १९२५. नोममध्ये घटसर्पाची साथ पसरली आणि लहान मुलं दगावू लागली. गावातलं सीरम जुनं झालेलं. समुद्र गोठल्यामुळे जहाजं बंद. तेव्हाची उघडी विमानं त्या थंडीत भरवशाची नव्हती. सीरम रेल्वेनं नेनानापर्यंत आणायचं आणि तिथून पुढचे ६७४ मैल कुत्र्यांनी न्यायचं, असं ठरलं. साधारण १०८५ किलोमीटर. वीस मशर, दीडशेच्या आसपास कुत्रे, साखळी पद्धतीनं.

सेप्पाला तेव्हा ४७ वर्षांचा होता आणि टोगो बारा वर्षांचा, कुत्र्याच्या हिशेबानं म्हाताराच. सेप्पालाची एकुलती एक मुलगी सिग्रिड नोममध्येच होती. सीरम घ्यायला तो नोमहून उलट दिशेनं सुमारे १७० मैल गेला. शाक्तुलिकजवळ सीरम हातात आलं आणि तो तिथूनच मागे फिरला. वाट वाचवायला रात्रीच्या वादळात नॉर्टन साउंड ही गोठलेली खाडी ओलांडली. खाली समुद्र, वर कधीही फुटेल असा बर्फ, आणि पुढे टोगो वाट शोधतोय. सीरम घेऊन तो ९१ मैल धावला. कुठल्याही एका टीमनं कापलेलं हे सगळ्यात मोठं अंतर. जाण्यायेण्याचं धरलं तर २६१ मैल, म्हणजे ४२० किलोमीटर.

२ फेब्रुवारीच्या पहाटे सीरम नोमला पोचलं, ते मात्र गुन्नार कासेनच्या गाडीवरून. त्याच्या टीमचा म्होरक्या होता बाल्टो. फोटो बाल्टोचे छापले गेले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळाही बाल्टोचाच उभा राहिला. गंमत म्हणजे बाल्टोसुद्धा सेप्पालाचाच कुत्रा होता. टोगोकडे दुर्लक्ष झाल्याची सल मात्र सेप्पालाला आयुष्यभर राहिली. ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळं काम तुम्ही केलं आणि प्रेझेंटेशन देणारा भाव खाऊन गेला, असं झालंय ना कधी? तेच.

पुढे सेप्पाला टोगोला आणि टीमला घेऊन अमेरिकाभर फिरला. न्यूयॉर्कमध्ये अमुंडसेनच्या हस्ते टोगोला सुवर्णपदक मिळालं. टोगोचे शेवटचे दिवस मेन राज्यात निवांत गेले. १९२९ साली, सोळा वर्षांचा होऊन, तो गेला. सेप्पालानं १९३२च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय स्लेज शर्यतीत दुसरा क्रमांक पटकावला. पुण्यामुंबईत आज दिसणारी सैबेरियन हस्की ही जात अमेरिकेत रुजली, त्यात त्याच्या कुत्र्यांचा मोठा वाटा आहे. १९६७ साली सिएटलमध्ये, ८९व्या वर्षी, सेप्पालाचं निधन झालं.

तुम्ही बर्फात निघालाय?

हिवाळ्यात आपल्या लॅब्राडोरला घेऊन मनालीला जाणार असाल, किंवा तुमची ताई कॅनडात कुत्रा पाळत असेल, तर सेप्पालाचा धडा कामाला येईल. बोटांमधले वाढलेले केस आधी कापून घ्या. बुटांची सवय घरातच चार दिवस करवून घ्या. पहिल्यांदा तो विदूषकासारखा चालेल, हसून घ्या. बाहेर दर थोड्या वेळानं थांबून बोटं फाकवून बघा. बर्फाची गोळी ओढून काढू नका, हाताच्या उबेनं वितळू द्या. परदेशात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते गाद्यांना झोंबतं आणि चाटल्यावर पोटातही जातं. म्हणून घरी आल्यावर पंजे कोमट पाण्यानं धुवा आणि नीट पुसा. कुत्रा लंगडत असेल किंवा पंजा सारखा चाटत असेल, तर त्या दिवसाची मस्ती संपली, तो कितीही उड्या मारो.

आणि जाता जाता एक सांगते. अलास्कात १९७३पासून ‘इडिटारॉड’ ही जगातली सगळ्यात नावाजलेली स्लेज शर्यत होते. तिच्या नियमात प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट सोबत ठेवणं सक्तीचं आहे. त्या शर्यतीत सेप्पालाच्या नावानंही एक पुरस्कार दिला जातो. तीन वेळा चॅम्पियन झालेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार पहिल्या नंबरासाठी असेल, असं आपल्याला वाटेल. तो मिळतो कुत्र्यांची सगळ्यात चांगली काळजी घेणाऱ्या मशरला, आणि त्याची निवड करतात पशुवैद्य.

१९१४ साली शर्यत अर्ध्यावर सोडून लाजेनं मान खाली घातलेल्या सेप्पालाला हे कळलं असतं, तर किती बरं झालं असतं!