मातीचे वैद्य

अमेरिकेतील मिसुरी राज्यात इ. स. १८६४ च्या सुमारास एका गुलाम स्त्रीच्या पोटी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म झाला. ते तान्हे असतानाच दरोडेखोरांनी त्यांना आईसह पळवून नेले. बाळ परत मिळाले. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही. मोझेस व सुसान कार्व्हर या मालक दांपत्याने त्या पोरक्या मुलाला वाढविले. छोटा जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता. शेतातील जड कामे त्याला झेपत नसत. तो रानात हिंडे, रोपटी गोळा करी आणि कोमेजलेल्या झाडांची शुश्रूषा करी. शेजारीपाजारी त्याला झाडांचा वैद्य म्हणू लागले.

विद्येच्या ओढीने जॉर्जने लहानपणीच घर सोडले. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो शिकला. केवळ कृष्णवर्णीय म्हणून एका महाविद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला. तरी तो खचला नाही. इ. स. १८९६ मध्ये आयोवा राज्यातील कृषी महाविद्यालयातून त्याने वरची पदवी मिळविली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्याला अलाबामातील टस्कीगी येथील आपल्या शिक्षणसंस्थेत बोलाविले. आयोवातील सुखाची नोकरी सोडून कार्व्हर आपल्या दीन बांधवांच्या सेवेसाठी तिकडे गेले.

तेथे वर्षानुवर्षे केवळ कापूस पेरल्यामुळे जमिनीचा कस गेला होता. पावसाने माती वाहून जाऊन शेतांत घळी पडल्या होत्या. गुलामगिरीतून मुक्त झालेले शेतकरी बहुधा दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत आणि कर्जात बुडालेले असत. विकतचे खत त्यांना कोठून परवडणार? पैसा न लागणारा उपायच त्यांच्या कामाचा होता.

संस्थेत प्रयोगशाळाही नव्हती. कार्व्हरांनी विद्यार्थ्यांसह उकिरड्यावरून बाटल्या व मोडकी भांडी वेचून आणली आणि तीच उपकरणे म्हणून वापरली. रानातील पालापाचोळा व दलदलीतील गाळ कुजवून त्यांनी खत केले. कापसाच्या शेतात आलटून पालटून चवळी, रताळी व भुईमूग लावले. चवळी व भुईमुगाच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. हळूहळू त्या ओसाड मातीत जीव आला.

परंतु हे ज्ञान खेड्यापाड्यांत पोहोचावे कसे? शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हते. म्हणून शाळाच त्यांच्या दारी गेली. इ. स. १९०६ मध्ये अवजारे व बियाणे भरलेली, घोड्यांनी ओढावयाची एक गाडी सिद्ध झाली. ती गावोगाव फिरू लागली आणि शेताच्या बांधावरच प्रत्यक्ष धडे मिळू लागले. इ. स. १९१० मध्ये कार्व्हरांनी ग्रामीण शाळांसाठी निसर्गाभ्यास व बागकाम या विषयावर पुस्तिका लिहिली. मुलांनी वाफ्यात स्वतःच्या हातांनी रोप वाढवावे, म्हणजे माती जपण्याची सवय बालपणीच लागेल, अशी त्यांची दृष्टी होती.

भुईमुगाचे पीक वाढले, तेव्हा त्याला गिऱ्हाईक हवे होते. कार्व्हरांनी शेंगदाण्यापासून दूध, पीठ, रंग असे शेकडो पदार्थ बनवून दाखविले. मोठ्या पगाराची बोलावणी आली, तरी त्यांनी टस्कीगी सोडले नाही. आयुष्यभर साठविलेला पैसाही त्यांनी संशोधनकार्यास दिला. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती, त्यांनाही जमीन जपावयास शिकविणारा हा थोर शिक्षक त्याच टस्कीगीच्या मातीत चिरनिद्रा घेत आहे.