श्री गाडगेबाबा आणि देवाची मदत



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, ही आपल्या मंडळाची रीत. यंदा ते काम माझ्याकडे आले आणि मी श्री गाडगेबाबांचे नाव सुचविले. त्याला कारण आहे. भजन आटोपले की आपण घटकाभर बसून मनातले बोलतो. कोणाच्या घरी लग्नाचे कर्ज फिटत नाही, कोणाचा धनी दारूच्या नादी लागलेला, कोणाच्या लेकीचे शिक्षण थांबलेले. उपास झाले, नवस झाले, आणि मग एक प्रश्न हमखास निघतो की, देवाला सारे दिसते, तर तो मदत का करीत नाही? मला याचे उत्तर देता येणार नाही. पण ज्या माणसाने आपले सारे आयुष्य या प्रश्नाभोवती झिजविले, त्याची हकीकत सांगता येईल.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, एका परीट कुटुंबात झाला. देवाच्या नावाने बोकड कापायचे आणि त्यासोबत दारू प्यायची, अशी त्या काळची चाल. त्या दारूनेच वडील झिंगराजी गेले आणि आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, दापुरे गावी आली. मुलगा मामाच्या घरी गुरे राखू लागला आणि मोठा होता होता कष्टाळू शेतकरी झाला. शाळेचे तोंड मात्र त्याने पाहिले नाही.

पुढे मामा सावकाराच्या कर्जात सापडला. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते, त्यामुळे चांगली जमीन हातची गेली. डेबूजी सावकाराशी नेटाने भांडला. पण अक्षर ओळखत नाही त्याची फसवणूक देवही थांबवीत नाही, हा धडा त्याने जन्मभर जवळ ठेवला. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचे लग्न झाले. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यावी लागे. डेबूजीने ती चाल मोडून गोडाचे जेवण दिले. भाऊबंद रागावले, तरी तो बधला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि पाणी पिण्यासाठी व भाकरी घेण्यासाठी मातीचे एक गाडगे. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

येथे माझी लेखणी थोडी अडखळते. बाबांनी घर सोडले तेव्हा मुलाबाळांचा भार कुंताबाईंवर आणि सखूबाईंवर पडला. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तरी बाबांनी कीर्तन थांबविले नाही. लोक याला वैराग्य म्हणतात आणि ते खरेही आहे. पण त्या वेळी घरी असलेल्या आईला काय वाटले असेल, हे आपण बायकांनी तरी विसरू नये. बाबांच्या सेवेत या दोघींचा वाटा आहे आणि तो त्यांनी आपण होऊन मागून घेतलेला नव्हता.

बाबांचा दिनक्रम सरळ होता. गावात शिरताच ते खराटा हाती घेत, रस्ते झाडीत, गटारे उपशीत. आधी लोक वेडा समजून हसत, मग एकेक जण लाजून हात लावी. रात्री त्याच स्वच्छ केलेल्या जागेवर कीर्तन उभे राही. तेथे पोथी नव्हती आणि संस्कृत श्लोक नव्हते. बाबा वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकच उत्तरे देत. कर्ज काढून सण करू नका, दारूला शिवू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, शिवाशीव पाळू नका, ताटे मोडावी लागली तरी मुलांना शाळेत घाला, असा त्यांचा रोख असे. त्यांनी कोणाला मंत्र दिला नाही, शिष्य केला नाही आणि पाया पडू दिले नाही. ते ना बुवा होते ना मठाधिपती. म्हणूनच त्यांचे काम कोणालाही करता येण्याजोगे होते.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधविला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरला अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी ओसरीही देत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा झाली आणि पुढे बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती सोपविली. लाखो रुपयांच्या या कामात स्वतःच्या नात्यागोत्याला त्यांनी हक्क ठेवला नाही. वारीत बाकीचे दर्शनाच्या रांगेत असता बाबा चंद्रभागेचे वाळवंट झाडीत असत. आपल्या तालुक्यातून, लोणंदवरून, माउलींची पालखी जाते. तिच्यामागे पंढरीला जाणाऱ्या भगिनींनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

आपल्या सातारा जिल्ह्याशी त्यांचा जिव्हाळा होता. गरिबांची मुले श्रम करून शिकतात, हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे काम बाबांना मनापासून आवडे. १९५४ साली कर्मवीरांनी कऱ्हाडला महाविद्यालय काढले आणि त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाला लाभले! २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. २००० सालापासून राज्यात निघालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. बाबा देवाला मानीत होते. देवाची मदत माणसांच्या हातून येते आणि ती घेणाऱ्यालाही आपला हात पुढे करावा लागतो, एवढेच त्यांच्या वागण्यातून दिसते. पण भगिनींनो, यात एक धोका आहे. अडल्यानडल्या बाईला, तुझे तू बघ, असे सांगून आपण मोकळ्या होऊ शकतो. बाबांनी असे कधी केले नाही. त्यांनी आधी स्वतः खराटा उचलला आणि मगच गावाला हाक दिली. ज्याच्या अंगात बळ आहे त्याची जबाबदारी पहिली, असा तो क्रम होता.

दारूने पिडलेल्या घरातली बाई एकटी उपास करून सुटणार नाही. तिच्यासोबत चार जणींनी त्या घरी जाऊन बसले पाहिजे आणि तिनेही झाकून न ठेवता दार उघडले पाहिजे. बचत गटाचे कर्ज कोणी नवसाच्या जेवणावळीसाठी मागितले तर नाही म्हणण्याचे धैर्य हवे. तेच मुलीच्या फीसाठी मागितले तर आपणहून जामीन राहावे. सही करण्याआधी कागद वाचून दाखविणारी एक तरी शिकलेली मुलगी प्रत्येक आळीत असावी. या वर्षात यातले एक काम जरी आपल्या मंडळाकडून पार पडले, तरी बाबांचे स्मरण केल्याचे सार्थक होईल.