जिम कॉर्बेट : शिकाऱ्याच्या डोळ्यांतले जंगल

माझे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीच्या बाजूला. आमच्याकडे उन्हाळा लागला की मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला माणसे पहाटेच जंगलात शिरतात. मी दहावीत होतो त्या वर्षी आमच्या शेजारची काकू अशीच मोह वेचायला गेली आणि परत आली नाही. तिची टोपली तेवढी घरी आली. शहरातल्या माझ्या मित्रांपुढे वाघाचे नाव काढले की त्यांच्या डोळ्यांत कौतुक दाटते. माझ्या आजीपुढे काढले तर ती हात जोडून विषय बदलते. या दोन नजरांच्या मध्ये मी वाढलो. म्हणूनच ग्रंथालयात जिम कॉर्बेटचे पुस्तक हाती आले, तेव्हा मी ते वेगळ्याच अपेक्षेने उघडले. वाघाचा सूड घेणारा एक शूर वीर मला हवा होता. भेटला तो निराळाच माणूस.

जेम्स एडवर्ड कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथेच पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते वारले. मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब डोंगर उतरून पायथ्याच्या कालाढुंगीला राहायला येई. कालाढुंगीचे रान हीच या मुलाची खरी शाळा. हाती बंदूक आली तीही एक नळी फुटलेली, जुनी ठासणीची दुनळी. दारूगोळा महाग, त्यामुळे बार वाया घालवण्याची सोय नव्हती. गरिबीने त्याला उडवण्याआधी पाहायला शिकवले, असे मला वाटते.

तो काय पाहात होता? वानराने खाकरून इशारा दिला की चितळ मान का वर करते, भेकर कोणत्या जागी भुंकले, मोर कोणत्या बाजूला ओरडत उडाला, या सगळ्यांची सांगड घालून न दिसणारा वाघ कुठून कुठे चालला आहे हे तो सांगू लागला. मातीवरचा माग ताजा की शिळा, जनावर चालत गेले की धावत, हे त्याला पुस्तकातल्या ओळीसारखे वाचता येई. एकदा रानकोंबड्यांच्या मागे लागलेला हा पोरगा एका झुडपावरून डोकावला, तो झुडूपच हलले आणि पलीकडून वाघ बाहेर पडला. वाघाने वळून त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि मागे न बघता सावकाश निघून गेला. वाघ उगाच माणसाच्या वाटेला जात नाही, हा धडा त्याला पहिल्यांदा मिळाला तो असा.

तरुणपणी कॉर्बेट रेल्वेत लागले आणि गंगाकाठी मोकामा घाटावर मालाची चढउतार करून घेण्याच्या कामात त्यांनी वीसेक वर्षे घालवली. हमालांच्या बरोबरीने घाम गाळणारा हा साहेब सुटीत कुमाऊँला परतला की लोक त्याच्याकडे धाव घेत. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण त्यांनी मारली. नेपाळात २०० आणि कुमाऊँत २३६ अशी ४३६ माणसे तिच्या नावावर होती. जाण्यापूर्वी त्यांनी दोन अटी घातल्या होत्या: सरकारने लावलेले इनाम रद्द व्हावे आणि बाकीचे शिकारी परत बोलवावेत. पैशासाठी मारणारा, ही ओळख त्यांना नको होती. वाघीण पडल्यावर त्यांनी तिचा जबडा पाहिला. उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे मोडलेले होते. कधीकाळी कुणा माणसाच्या गोळीने ते मोडले होते. सावज पकडण्याची हत्यारे हिरावली गेल्यामुळे ती माणसाकडे वळली होती. पुढे मुक्तेश्वरची वाघीण मिळाली, तिचा एक डोळा गेलेला होता आणि पुढच्या पायात साळिंदराचे काटे रुतलेले होते.

पण मला सर्वांत जास्त हलवून गेली ती रुद्रप्रयागची रात्र. केदारनाथ-बदरीनाथच्या यात्रामार्गावर एका बिबट्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत १२५ माणसे मारली होती. संध्याकाळ झाली की त्या मुलखात दारे बंद होत आणि उजाडेपर्यंत कुणी बाहेर पडत नसे. सापळे झाले, विष झाले, सगळे फसले. अखेर गोलाबराई येथे रस्त्याकडेच्या एका आंब्याच्या झाडावर कॉर्बेट ओळीने रात्री जागवू लागले. खाली एक बकरा बांधलेला, त्याच्या गळ्यात घंटी. शेवटी २ मे १९२६ च्या रात्री, काळ्याकुट्ट अंधारात, काहीतरी झपाट्याने रस्त्यावरून झेपावले आणि घंटी खणखणली. बिबट्या आपल्या भक्ष्यावर पडला होता. कॉर्बेट यांनी बंदुकीवरची विजेरी पेटवली, बार काढला आणि विजेरी विझली. पुढे काय झाले हे कळायला त्यांना उजाडेपर्यंत थांबावे लागले. बकरा वाचला होता. बिबट्या मेला होता.

सकाळी लोक लोटले, नाचले, रडले. कॉर्बेट यांना मात्र दिसला तो एक म्हातारा बिबट्या: तोंडावरचे केस पांढरे झालेले, दात झिजलेले, मिशा गळून गेलेल्या. ज्याला मुलूख पिशाच्च समजत होता, तो केवळ पोट भरण्यासाठी जगलेला एक प्राणी होता. निसर्गाच्या कायद्यात त्याचा काही गुन्हा नव्हता. माणसाच्या कायद्यात मात्र त्याला क्षमा नव्हती. हे दोन्ही कायदे एकाच वेळी मानणे किती कठीण! कॉर्बेट यांनी ते मानले. त्यांनी बिबट्याला मारले आणि त्याचा द्वेषही केला नाही.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा हेतू नाही. ते राजवटीच्या बाजूचे साहेब होते. १९३० मध्ये पवलगढचा जो भव्य वाघ त्यांनी मारला, तो नरभक्षक नव्हता. त्याच्या आकाराचे आकर्षण हेच कारण होते. हे विसरून चालणार नाही. परंतु हाच माणूस हळूहळू बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळला. वाघांचे चलच्चित्र टिपण्यासाठी तो ओढ्याकाठी तासन्‌तास दडून बसे. रान राखले पाहिजे हे तो शाळांतल्या मुलांना सांगत फिरला. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्याच्याही प्रयत्नांचा वाटा होता. १९५७ मध्ये त्या उद्यानाला त्याचेच नाव देण्यात आले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाचा आरंभही तेथूनच झाला. त्याची जगप्रसिद्ध झालेली नरभक्षकांची कथा प्रथम १९४४ मध्ये आपल्या मुंबईतून छापली गेली, हे आपण लक्षात ठेवायला हरकत नाही.

हे सारे पाहायला ते भारतात राहिले नाहीत. १९४७ मध्ये बहीण मॅगीसह ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे वारले. कालाढुंगीजवळ त्यांनी वसवलेले छोटी हल्द्वानी हे गाव आजही आहे.

मित्रहो, हे चरित्र वाचून काकूचे जाणे मला सोपे झाले असे मी म्हणणार नाही. ते सोपे होणारही नाही. पण सुटीत गावी गेलो तेव्हा आजीला मी एक प्रश्न विचारला: पूर्वी मोह वेचायला कसे जायचे? ती सांगू लागली. उजाडल्याशिवाय जायचे नाही, एकटीने जायचे नाही, वानर ओरडले तर वाकलेली पाठ आधी सरळ करायची. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की कॉर्बेटने कालाढुंगीत जे अक्षर गिरवले, ते माझ्या निरक्षर आजीलाही येत होते. येत नव्हते ते मला. टोपली घरी आली त्या दिवशी सगळा गाव वाघाला शिव्या देत होता, मीही देत होतो. यंदा आजीबरोबर मी दिवसा रानाच्या कडेपर्यंत गेलो आणि उभा राहून फक्त ऐकले. एक भेकर लांबवर भुंकले. आजी म्हणाली, आता परत फिरू. आम्ही परत फिरलो.