डॉ. कमल रणदिवे : काचेच्या बशीतल्या पेशी



विज्ञान दिनाला आपण परिपाठात सी. व्ही. रामन यांची माहिती सांगतोच. त्यांच्या जोडीला सांगावं असं एक मराठी नाव म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींनी शिकलंच पाहिजे, असं त्यांचं मत. कमलताई हुजूरपागेत शिकल्या. पुढे मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. आजही दहावीचा निकाल लागला की ठाणे-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत हेच बोलणं सुरू होतं, नाही का? पण कमलताईंनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडलं. १९३९ साली त्यांचं लग्न झालं, तेही एका गणितज्ञाशी. शिक्षण मात्र थांबलं नाही. १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केलं. अभ्यासाचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी.

मुंबईत त्यांना डॉ. वसंत खानोलकर यांचं मार्गदर्शन मिळालं आणि १९४९ साली त्या पीएच.डी. झाल्या. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर सतत वाढत्या ठेवण्यात पहिलं यश याच प्रयोगशाळेला मिळालं होतं. ही विद्या घेऊन कमलताई परत आल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ऊतीसंवर्धन म्हणजे शरीरातल्या पेशी काचेच्या भांड्यात, योग्य अन्न आणि ऊब देऊन वाढवणं. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध असावा, हे त्यांनी फार लवकर मांडलं. कुष्ठरोगावरही काम केलं.

आता कोणी विचारेल, पेशी वाढवून रुग्णाला काय मिळालं? आजचं एक उदाहरण घेऊ. प्रकाशाने कर्करोगाच्या पेशी मारण्यावर सध्या संशोधन चालू आहे. सोन्यासारख्या पदार्थाचे नॅनोकण गाठीत पोहोचवायचे आणि त्यांच्यावर ठराविक प्रकाश टाकायचा. (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) कण तापतात आणि त्या उष्णतेने पेशी मरतात. काही कण ऑक्सिजनचं घातक रूप तयार करतात. पण हे थेट माणसावर कसं करून बघणार? म्हणून आधी पेशींच्या तीन बशा घेतात. पहिलीत कण घालून अंधारात ठेवतात. दुसरीत कण नाहीत, नुसता प्रकाश. तिसरीत दोन्ही. पहिल्या दोन बशांतल्या पेशी जगल्या आणि तिसरीतल्या मेल्या, तरच पुढचं पाऊल. कमलताईंनी या उपचारावर काम केलं नव्हतं. पण पेशी बशीत वाढवण्याची जी विद्या त्यांनी आपल्याकडे रुजवली, तिच्याशिवाय ही पहिली पायरीच चढता येत नाही.

१९७३ साली त्यांनी सहकारी महिलांसोबत भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. तिचं मुख्यालय आपल्या ठाणे जिल्ह्यातच, वाशीला आहे. तिथे नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालतं. घर सांभाळून प्रयोगशाळेत उभं राहणाऱ्या बाईला काय लागतं, ते त्यांनी ओळखलं होतं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी स्त्रिया आणि मुलांच्या पोषणावर काम केलं. २००१ साली त्यांचं निधन झालं.

वर्गात हा पाठ घेताना तीन बशांचं चित्र फळ्यावर काढा. दुसरी बशी कशाला हवी, हे मुलांनाच विचारा. चौथीची मुलंसुद्धा छान उत्तरं देतात. आणि पालकहो, मुलगी म्हणाली की मला डॉक्टर नाही, पेशींचा अभ्यास करायचाय, तर तिला आधी कमलताईंची ही गोष्ट सांगा. रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचायचा एक रस्ता प्रयोगशाळेतूनही जातो.