औषधांच्या शुद्धतेचा आग्रह धरणारे कर्नल रामनाथ चोप्रा

औषधांची गुणवत्ता कायद्याच्या कक्षेत आणण्याच्या देशातील प्रयत्नांमध्ये कर्नल सर रामनाथ चोप्रा यांचे नाव अग्रभागी आहे. गुजराँवाला येथे १८८२ मध्ये जन्मलेले चोप्रा केंब्रिज येथील शिक्षणानंतर भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १९२१ मध्ये कोलकात्यातील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत ते औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. सर्पगंधेसह अनेक देशी वनस्पतींचा त्यांनी तेथे शास्त्रीय अभ्यास केला.

त्या काळी निकृष्ट व भेसळयुक्त औषधे सर्रास विकली जात. हिवतापाच्या रुग्णांचा आधार असलेले क्विनीनही त्यातून सुटले नव्हते. या तक्रारींची दखल घेत सरकारने १९३० मध्ये चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. संपूर्ण देशासाठी एकच कायदा, नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि औषधनिर्मात्यांना रीतसर शिक्षण, अशा शिफारशी समितीने १९३१ मध्ये केल्या.

मात्र, प्रश्न रुग्णांच्या जिवाचा असूनही कायदा होण्यास १९४० साल उजाडले. दरम्यान, १९३७ मध्ये कोलकात्यात औषधांच्या प्रमाणीकरणासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. नव्या कायद्याने औषधांची आयात, उत्पादन, वितरण आणि विक्री यांवर नियंत्रण आणले. आयातीवरील देखरेख केंद्राकडे, तर उत्पादन व विक्रीवरील देखरेख मुख्यत्वे प्रांतांकडे सोपविण्यात आली. औषधनिर्मात्यांच्या शिक्षणाविषयीचा कायदा तर १९४८ मध्ये झाला.

निवृत्तीनंतर चोप्रा यांनी जम्मू-काश्मीरमध्ये औषध संशोधनाचे कार्य सुरू ठेवले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.